बेंचवर त्याच्या शेजारी

ताई,
आम्ही मूळचे सांगलीचे, सहा वर्षांपासून कॅनडात सास्काटूनला आहोत. मुलगा तेरा वर्षांचा, तीन वर्षं आइस हॉकी खेळतोय. टीममधला त्याचा जिवलग मित्र क्री या मूलनिवासी समाजाचा आहे. तो आजीकडे राहतो. आजीला ते 'कोकम' म्हणतात, त्याचं आमच्या घरात फार कौतुक. पंधरा दिवसांपूर्वी बाहेरगावी सामना होता. समोरच्या टीमची दोन मुलं पहिल्या पिरियडपासून या मित्राच्या मागे लागली होती. तोंडावर हात आपटत सिनेमातल्या 'रेड इंडियन' आरोळीसारखं ओरडायचं, 'रिझर्व्हवर (मूलनिवासींसाठी राखलेल्या जमिनीवर) परत जा' म्हणायचं, शिवाय एक शब्द, जो मी इथे लिहीत नाही. प्रेक्षकांतली एक-दोन मोठी माणसंही हसली. शेवटी मित्रानं एकाला ढकललं, तर पेनल्टी त्यालाच मिळाली. परतताना तो आमच्याच गाडीत होता. दोन तास कोणी बोललं नाही. आता तो म्हणतो, मला खेळायचंच नाही. माझा मुलगा रात्री रडत म्हणाला, "आई, मी सगळं ऐकत होतो आणि काहीच बोललो नाही." मिस्टरांचं म्हणणं, आपण या देशात बाहेरचे, त्यांचं ते बघतील. त्या लोकांत फार मिसळू नये असं ते आधीपासूनच म्हणतात. मी काय करू? मुलाला काय सांगू?
एक आई, सास्काटून

दोन तास गाडीत कोणी बोललं नाही, हे तुमचं वाक्य मला काही केल्या सोडेना. तसं गप्प बसणं माझ्याही खात्यावर आहे. मला मॅनिटोबात येऊन सव्वीस वर्षं झाली. मुलगी लहान असताना एका रिंकवर, उत्तरेकडच्या फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे क्रींसारख्या मूलनिवासी समाजांच्या, गावातून आलेल्या टीमच्या गोलीला (गोलकीपरला) आमच्या बाजूच्या एका बापानं ओरडून काहीतरी घाणेरडं म्हटलं. गोली असेल अकरा वर्षांचा. मी हातातला कॉफीचा कप घट्ट धरून समोर बघत राहिले. दोन ओळी खाली त्या मुलाची आई बसली होती. ती वळली. त्या माणसाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आम्हा बाकीच्यांकडे मात्र एकेक करून पाहिलं आणि परत तोंड फिरवून खेळ बघू लागली. ती नजर मी विसरलेले नाही. म्हणून तुमचा मुलगा रडला हे वाचून मला वाईट वाटलं, तसा धीरही आला. जे मला चाळिशीत कळलं, ते त्याला तेराव्या वर्षी कळलंय.

आता आधी काय करायचं ते सांगते. आजच कोकमला फोन करा. मेसेज नको. जमलं तर डबा घेऊन सरळ घरीच जा. तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत ते तिला सांगा. नातवानं घरी सगळं सांगितलं असेल असं धरून चालू नका. घरच्यांना त्रास नको म्हणून ही मुलं पुष्कळदा गिळून टाकतात. मग तिला विचारा, तक्रार करायची आहे का, आणि आम्ही साक्षीदार म्हणून नाव दिलं तर चालेल का. ती हो म्हणेपर्यंत पुढे धावू नका. तुमचा संताप खरा आहे, पण तक्रारीनंतर पुढच्या सामन्यात लोकांच्या नजरा झेलायच्या आहेत त्या मुलाला. ती थांबा म्हणाली तर थांबा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा.

त्याआधी एक काम मात्र लगेच उरकायचं आहे. तुम्ही आणि मुलगा टेबलाशी बसा आणि सगळं लिहून काढा. तारीख, रिंक, पिरियड कितवा, त्या दोघांचे जर्सी नंबर, रेफरी कुठे उभा होता, बेंचवर आणखी कोणी ऐकलं. नेमके शब्द लिहा, मला पत्रात लिहिला नाहीत तो शब्दसुद्धा. नुसतं 'आक्षेपार्ह भाषा' लिहिलेल्या कागदाचं पुढे काही होत नाही. २०२१-२२ च्या हंगामापासून हॉकी कॅनडाच्या नियमावलीत भेदभावाच्या शिवीगाळीसाठी स्वतंत्र कलम आहे, ११.४. त्यात ग्रॉस मिसकंडक्ट लागतं, म्हणजे खेळाडू सामन्याबाहेर जातो आणि पुढे चौकशी होते. रेफरीच्या कानावर पडलं नसेल तरी नंतर तक्रार करता येते. कलम आलं त्या पहिल्याच हंगामात वंश, लिंग, लैंगिकता असे सगळे प्रकार धरून, शिक्षा झालेले आणि नुसते आरोप झालेले मिळून ९२७ प्रसंग नोंदले गेले. तेव्हा 'आमच्याकडे असलं काही होत नाही' असं कोणी मॅनेजर म्हणाला, तर ऐकून घेऊ नका. आधी टीमचा मॅनेजर, मग तुमची असोसिएशन, मग प्रांताची संघटना, अशा पायऱ्या चढा. सामन्यानंतर २४ तास तक्रार करायची नाही हा जो नियम बऱ्याच ठिकाणी असतो, त्याची मुदत केव्हाच उलटली आहे.

मित्राला मिळालेली पेनल्टी रद्द होणार नाही. पण त्यानं का ढकललं हे कागदावर यायलाच हवं. नाहीतर त्या सामन्याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या चालत आली तशीच राहील, की 'त्यांचा' मुलगा मारामारी करतो.

आता तुम्ही विचारलं नाहीत त्याबद्दल थोडं बोलते, कारण 'रिझर्व्हवर परत जा' या एवढ्याशा वाक्यात काय भरलंय हे समजल्याशिवाय तुम्हाला कोकमसमोर नीट बसता येणार नाही.

तुमच्या घरापासून उत्तरेला, गाडीनं तासाभरावर डक लेक नावाचं गाव आहे. तिथे सेंट मायकल्स ही निवासी शाळा होती. मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून, त्यांची भाषा मोडायला ज्या शाळांत कोंडलं जायचं, त्यांतली ती एक. १९४० च्या सुमारास फ्रेड सासाकामूस नावाच्या क्री मुलाला भावासोबत तिथे नेलं. त्याआधी गावात, अताकाकूपला, त्याला बर्फावर उभं केलं होतं त्याच्या आजोबांनी. आजोबांना ऐकू येत नसे, बोलता येत नसे. नातवाला स्टिक करून दिली ती विलोच्या फांदीची, आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातीतलं ते झाड. शाळेत फ्रेडवर अत्याचार झाले. हॉकीही तो तिथेच घोटून शिकला. ज्या जागेनं इतकं हिरावलं, तिनंच हातात कसब दिलं, ही गाठ त्याला आयुष्यभर सुटली नाही. १९५३-५४ च्या हंगामात तो शिकागो ब्लॅकहॉक्सकडून एनएचएलचे, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगचे, ११ सामने खेळला. तिथवर पोचलेल्या अगदी पहिल्या फर्स्ट नेशन्स खेळाडूंपैकी तो. आणि तो बर्फावर उतरला की प्रेक्षक काय करत? तोंडावर हात आपटून ओरडत. तुमच्या मुलानं पंधरा दिवसांपूर्वी पाहिलं, तेच.

शिकागो सोडल्यावर काही वर्षांनी फ्रेड घरी परतला. रिझर्व्हवर. त्याला घराची ओढ होती, बायको लॉरेटा होती. पुढचं सगळं आयुष्य त्यानं तिथल्या मुलांना खेळ मिळावा म्हणून घालवलं, गावाचा प्रमुखही झाला, ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाला, आणि २०२० च्या नोव्हेंबरात कोरोनानं गेला. ज्या जागेचं नाव त्या दोन मुलांनी शिवीसारखं वापरलं, ती जागा एका माणसाला शिकागोहून परत ओढून घेत होती. हे तुमच्या मुलाला सांगा. त्याच्या मित्राला ते आधीच ठाऊक असेल.

डक लेकजवळच्या बिअर्डीज अँड ओकेमासिस क्री नेशननं पुढे स्वतःची टीम चालवली, बिअर्डीज ब्लॅकहॉक्स. क्री मुलांबरोबर इतरही मुलं तिच्यात खेळत.  २०१९-२० च्या हंगामानंतर तिला लीगमधून वगळण्यात आलं. फर्स्ट नेशन्सच्या लोकांना याची जखम अजून आहे आणि मला ती समजते.

आणि या खेळाचं म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कॅनडाभर ज्या स्टिक नावाजल्या होत्या, त्या नोव्हा स्कोशियातल्या मिग्मॅक या मूलनिवासी समाजाच्या कारागिरांनी एकसंध लाकडातून कोरलेल्या. दुकानांतून विकल्याही जायच्या 'मिक-मॅक' याच नावानं. त्या मुलाला बर्फावरून परत कुठे पाठवणार?

तुमच्या पत्राच्या समासात एक ओळ होती, वर छापलेल्या पत्रात मी ती घेतली नाही: ही मुलं हे सगळं सोसतात कशाच्या जोरावर? मी जेवढं पाहिलं-वाचलंय त्यावरून सांगते. प्रत्येकामागे कोणीतरी एक माणूस दिसतो.

जॉर्डिन टूटू हा अगदी उत्तरेकडच्या नुनावुटमधल्या रँकिन इनलेटचा, इनुइट या मूलनिवासी समाजाचा मुलगा. त्याचा मोठा भाऊ टेरेन्स त्याच्या आधी घर सोडून हॉकीसाठी दक्षिणेला गेला, आणि जॉर्डिनला पुढची वाट दिसली ती भावामुळे. ऑगस्ट २००२ मध्ये टेरेन्सनं स्वतःचं आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यानं धाकट्याला शेवटपर्यंत जायला आणि घर सांभाळायला सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी जॉर्डिन नॅशव्हिलकडून एनएचएलमध्ये उतरला, तिथवर पोचलेला पहिला इनुइट. पाठीवर नंबर २२, म्हणजे 'टू-टू', त्याच्या आडनावाचा उच्चार. पण ते दुःख दारूत बुडवत त्यानं बरीच वर्षं काढली आणि मग ती सोडली. आज तो गावोगाव मुलांशी मनातलं बोलण्याबद्दल बोलतो. 'बघा, किती कणखर' म्हणून ही गोष्ट मी सांगत नाहीये. मुलं कणखर दिसतात तेव्हा आत काय चाललंय ते कोणीतरी विचारावं लागतं. तुमच्या मुलाच्या मित्रानं 'नको वाटतं सगळं' अशा अर्थाचं काही म्हटलं, झोप-जेवण तुटलं, तर त्याच दिवशी मोठ्या माणसाला कळवायचं, गुपित ठेवायचं नाही, हे मुलाला बजावून ठेवा. आत्महत्येचे विचार येत असतील तर मदतीसाठी ९८८ हा नंबर देशभर चालतो. मूलनिवासी लोकांसाठी होप फॉर वेलनेसचा १-८५५-२४२-३३१० हा चोवीस तास चालू असतो.

टेड नोलन हा हॉकीपटू आणि कोच, ओजिब्वे या मूलनिवासी समाजाचा, ऑन्टारिओतल्या गार्डन रिव्हरचा. लहानपणी घरात नळ नव्हता, तर बादल्यांनी पाणी वाहून त्यानं अंगणात रिंक केलं. सोळाव्या वर्षी केनोराला खेळायला गेला तेव्हा त्याला प्रतिस्पर्ध्यांशी तर लढावं लागलंच, स्वतःच्या टीमच्या मुलांशीही लढावं लागलं. ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसणाऱ्यांशी! मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. १९९७ मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम कोच ठरलेल्या या माणसाला नंतर जवळजवळ दहा वर्षं तिथे काम मिळालं नाही. २००५ साली मॉन्क्टनचा कोच असताना क्यूबेकमधल्या एका सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्यासमोर धनुष्यबाणाचे हावभाव केले. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता, आणि तरी ते लागलं. आज तो आणि त्याची दोन मुलं, जॉर्डन आणि ब्रँडन, दोघेही एनएचएल खेळलेले, मिळून फर्स्ट नेशन्सच्या गावांत हॉकी शिकवायला जातात. बापलेकांनी एकत्र जावं, हे मला फार बरोबर वाटतं.

१९७१ मध्ये ऑन्टारिओतल्या लिटल करंटला १७ टीमांची एक स्पर्धा सुरू झाली, 'लिटल एनएचएल' म्हणतात तिला. मूलनिवासी मुलांना आपल्या माणसांत खेळायला मिळावं एवढ्यासाठी. आता मार्चच्या सुट्टीत त्या स्पर्धेला दोनशेच्या वर टीमा येतात. आज्या, मावश्या, चुलत-आते-मामे भावंडं, सगळं गणगोत स्टँडमध्ये. तिथे कोणाला आपण कोण ते समजावून सांगावं लागत नाही. तुमच्याच शहरात फ्रेड सासाकामूसच्या नावानं फर्स्ट नेशन्स टीमांची मोठी स्पर्धा भरवली गेली आहे. पुढची केव्हा आहे ते कोकमला विचारा आणि सगळे मिळून जा. प्रेक्षक म्हणून बसा, ओरडा, तिथलं जे काही असेल ते खा.

वडिलांनी मुलीला धीर दिल्याची एक गोष्ट इथे नेहमी सांगतात. मॅनिटोबातल्या मॅलार्ड गावची ब्रिजेट लाक्वेट बारा वर्षांची असताना एका स्पर्धेत असंच ऐकून रडत आली. वडील म्हणाले, त्यांना बर्फावर हरव. २०१८ मध्ये ती कॅनडाच्या ऑलिम्पिक महिला हॉकी संघात आली, त्या संघातली फर्स्ट नेशन्सची पहिली बाई, आणि रुपेरी पदक घेऊन परतली. गोष्ट सुंदर आहे. पण ती वडिलांनी मुलीला सांगायची गोष्ट आहे. तुम्ही-आम्ही त्या मुलाला 'तू जिंकून दाखव' म्हणायचं नाही. मूल जिंको वा हरो, ती शिवी थांबवणं हे बाकीच्यांचं काम.

खेळ उत्तम असला की हे थांबतं, असंही नाही. ओचापोवेसचा क्री खेळाडू इथन बेअर याच्या जर्सीवर २०२० च्या जुलैत त्याचं नाव क्री लिपीत झळकलं, एनएचएलमध्ये प्रथमच. वर्षभरानं त्याची टीम एडमंटन प्लेऑफमध्ये हरली तेव्हा लोकांनी त्याला इंटरनेटवर वांशिक शिव्यांनी झोडपलं. तो आपल्या जोडीदारासह कॅमेऱ्यासमोर आला आणि शांतपणे बोलला. एकटा आला नाही, हे मी मुद्दाम सांगते.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नवीन देशात नाव खराब व्हायला वेळ लागत नाही, आणि 'तुमच्या देशात परत जा' आपणही ऐकतो. पण 'त्या लोकांत मिसळू नये' हे त्यांनी इथे येऊन उचललेलं मत आहे की सांगलीहून आणलेलं, हे त्यांनी स्वतःला विचारावं. आपल्याकडे लेकराचे केस विस्कटले की 'काय जंगल्यासारखा दिसतोस' म्हणतात. माझ्या माहेरी म्हणत, मीही म्हटलंय. जयपाल सिंग मुंडा, १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमधल्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार, मुंडा आदिवासी. भारताला हॉकीचं पहिलं सुवर्ण त्या संघानं दिलं. पुढे संविधान सभेत ते उभे राहिले तेव्हा त्यांनी स्वतःला ताठ मानेनं 'जंगली' म्हणवून घेतलं. हे मी मोठी झाल्यावर, कॅनडात, एका ओजिब्वे मैत्रिणीला भारतातल्या आदिवासींबद्दल सांगता यावं म्हणून वाचायला बसले तेव्हा कळलं. शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. मिस्टरांना हे जेवताना सांगा, भांडणात नको.

आणि 'आपण बाहेरचे' याचं उत्तर असं, की सास्काटून सहाव्या कराराच्या जमिनीवर वसलंय. तो राजसत्ता आणि इथले मूलनिवासी यांच्यातला १८७६ चा करार, आणि त्यावर खूण करणाऱ्या क्री प्रमुखांत एक होते अताकाकूप, ज्यांच्या नावाच्या गावातून फ्रेड आला. आपण तिथे घर घेतो, कर्ज फेडतो, अंगणात मेथी लावतो, ते त्या कराराच्या जोरावर. तेव्हा आपण यातले नाही, असं म्हणायची सोय नाही.

मुलाला काय सांगायचं? मित्राला भेटून त्यानं तीनच गोष्टी बोलाव्यात: मी ऐकलं होतं. मी गप्प बसलो. पुन्हा नाही बसणार. मग थांबावं. 'तू मला माफ केलंस ना' असं विचारू नये, कारण मग त्या मुलालाच याचं सांत्वन करत बसावं लागतं. 'परत खेळायला ये' अशी गळही घालू नये. तो हॉकी सोडेल किंवा सोडणार नाही, ते त्याचं त्याला ठरवू द्या. पण दोघांची दोस्ती रिंकवर अवलंबून नाही हे त्याला दिसू द्या. शुक्रवारी घरी बोलवा, व्हिडिओ गेम खेळू दे, कोकमलाही बोलवा. सोलकढी करा. आपल्या फळाचं नाव आणि तिच्या नातवाच्या तोंडचं आजीचं नाव एकच, हे ऐकून ती हसेल.

आणि तो परतलाच, तर बेंचवर त्याच्या शेजारची जागा तुमच्या मुलानं धरायची. असं पुन्हा झालं तर हात उगारायचा नाही. खेळ थांबला की कॅप्टनला गाठायचं, कॅप्टननं रेफरीकडे जायचं, कोचला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. हे कॅप्टनशी आणि कोचशी आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी तेरा वर्षांच्या पोराची जीभ अडखळते. तुम्ही स्टँडमध्ये असाल. कोणी हसलं तर उठून त्याच्या जवळ जाऊन बसा आणि म्हणा, तो आमच्या टीमचा मुलगा आहे. आवाज कापेल. माझा कापला होता, त्या पहिल्या प्रसंगानंतर सहा वर्षांनी, दुसऱ्या एका रिंकवर. तेव्हा मला बोलता आलं.

पुढचा सामना शनिवारी असेल तर शुक्रवारी रात्रीच कोकमला विचारा, सकाळी किती वाजता न्यायला येऊ. नातू खेळणार नसला तरी विचारा. मागची सीट दुमडली तर दोन किट बॅगा आणि तीन माणसं मावतात का, ते एकदा बघून ठेवा.